ट्रान्झिस्टरचे तीन पाय

सर, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुमचा राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण जिवंतपणी तुमच्यासमोर तोंड उघडायची कुणाची टाप होती?

पांढरकवड्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा, बारावीचा वर्ग. टेबलाभोवती तीन मुलगे आणि मी. तुमचा शिरस्ता ठरलेला: जोडणी मुलांनी करायची, आकडे मुलींनी टिपायचे. एकदा मी वायर उचलली, तर तुम्ही ती हातातून काढून घेतलीत. "सर, मले एक डाव लावू द्या ना," मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तुहं अक्षर चांगलं हाये पोरी, तू लिहून घे. ट्रान्झिस्टर जयला तं भरून कोन देईन?" मुलांनी जाळलेले मात्र तुम्ही हसत कचऱ्यात टाकायचात. प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी मिळाले आणि तुम्ही वर्गासमोर मला शाईचं पेन दिलंत. मी भाबडेपणानं तुमच्या पाया पडले.

पदवीलाही तीच तऱ्हा. मग वणीला, खाणीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी मागायला गेले. मालकानं एक ट्रान्झिस्टर, दोन डायोड, थोडे रेझिस्टर पुढ्यात ठेवले. लोड बदलला तरी करंट बदलणार नाही, असं सर्किट करून दाखवा म्हणाला. सूत्र मला तोंडपाठ होतं. पण ट्रान्झिस्टरच्या तीन पायांतला बेस कोणता, एमिटर कोणता, ते कळेना. "म्याडम, याले कधी हातच नाई लावला का?" त्यानं साधंच विचारलं, म्हणून जास्त लागलं. ती नोकरी हातची गेली आणि सगळी उमर पतसंस्थेच्या काउंटरवर निघाली.

गेल्या रविवारी मुलीच्या कॉलेजचं सामान घेऊन स्वयंपाकघरात बसले. दोन डायोडनी बेसचं व्होल्टेज धरून ठेवायचं, एमिटरला एक रेझिस्टर. एवढंच. पोरखेळ आहे हो, सर. पहिला ट्रान्झिस्टर मी जाळला. घरभर वास सुटला, आभाळ कोसळलं नाही. दुसरा लावला. लोड बदलत गेले, मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. मला रडू आलं, ते आनंदाचं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीपासून मला लांब ठेवलंत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. मुलगी शेजारीच बसली होती. "आई, आता मले करू दे," म्हणत तिनं दोनदा सर्किटचा बोर्ड मागितला. मी दिला नाही. माझंच मन अजून भरलं नव्हतं.