चार लाल कॅप्सूल

१२ फेब्रुवारी
आज चोरी केली.

पंचवीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून गावातल्या बाळांची वजनं करतेय. फेब्रुवारी आणि ऑगस्टात अ जीवनसत्त्वाच्या लाल कॅप्सूलचं टोक कातरून त्यांच्या तोंडात पिळते. कधी एक इकडची तिकडे केली नाही. आज चार मुलं आलीच नाहीत. वहीत चौघांपुढे ‘दिली’ अशी खूण केली आणि चार कॅप्सूल पिशवीत टाकल्या.

मास वार्नोंसाठी, माझ्या नवऱ्यासाठी. चाळीस वर्षं मशिदीसमोर खुर्ची मांडून गावाची हजामत केली या माणसानं. पार्किन्सननं हात थरथरायला लागले तसं दोन वर्षं त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. नवऱ्याकडे नुसतं बघत बसायचं, याचा कंटाळा आलाय मला.

मागच्या आठवड्यात आमच्या सुईण बू लास्मी म्हणाल्या, “या आजाराचा आणि अ जीवनसत्त्वाचा काही संबंध असेल का, ते शोधतायत. अजून नक्की काही नाही.” दुसरं वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१३ फेब्रुवारी
पहिली दिली.
“ही तर पोरांची.”
“मोठ्यांनाही देतात आता.”
माझ्याकडे बघत राहिले. मग तोंडात टाकली, वर पाण्याचा घोट घेतला.

२० फेब्रुवारी
दुसरी.

२२ फेब्रुवारी
चहाचा ग्लास एका हातानं उचलला! थेंबही सांडला नाही.
“बघ सिह,” मला म्हणाले, “महिन्याभरात शेजारच्या दार्सोची दाढी करतो. तेवढं त्याला आधी मृत्युपत्र करून ठेवायला सांग.”
किती दिवसांनी हसलो. मग मी मोरीत जाऊन रडले.

६ मार्च
गेल्या बुधवारी तिसरी, आज चौथी. संपल्या.

११ मार्च
वजनाचा दिवस. बू लास्मींना सहज विचारल्यासारखं विचारलं — म्हाताऱ्या माणसानं या चार घेतल्या तर?
“वेड लागलंय? यकृताची वाट लागेल. कुणी घेतल्या?”
“कुणी नाही.”
कालपासून मास वार्नोंचं डोकं दुखतंय.

१९ मार्च
जेवताना ठसका लागला, मग ताप. क्लातेनच्या इस्पितळात आणलंय. अन्न फुफ्फुसात गेलं म्हणे. डॉक्टर म्हणाले, “या आजारात गिळणं बिघडतं, होतं असं.” कॅप्सूलचं सांगायला तोंड उघडलं. विचारलं ते पाणी पाजायचं का, एवढंच.

२४ मार्च
गेले.

२६ मार्च
तिसऱ्या दिवसाची प्रार्थना झाली, शेजारी जेवून गेले. दार्सोची बायको म्हणाली, “तुझ्यासारखी बायको मिळाली, नशीबवान होता गं.” मी तिला भाताचा डबा भरून दिला. डॉक्टर काही म्हणोत. मीच मारलं त्यांना.

२ एप्रिल
वस्तऱ्याची पेटी दार्सोला द्यायची म्हणून पुसायला घेतली. पावडरच्या डब्यात चार लाल कॅप्सूल. मऊ पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, पण अख्ख्या. गालात धरून ठेवत असणार. पोरांच्या वाट्याचं त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

उद्या बू लास्मींना वहीत खोटी खूण केलेल्या त्या चार मुलांची नावं सांगते. मग काय व्हायचं ते होवो.

म्हणजे औषध पोटात गेलंच नव्हतं. आणि त्या दिवशी तो ग्लास माझ्यासमोर धरायला किती जोर लावला असेल त्यांनी.