डब्यातला हात

ती. ताईस,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझा खोकला गेला असं धरून चालतो, कारण मागच्या पत्रात तू त्याबद्दल काही लिहिलं नव्हतंस (किंवा लिहिलं असशील; त्या पानावर तुझ्या भाचीने मेण ओतलं होतं). आम्ही सगळे ठीक आहोत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे अर्धं पत्र वाचून तू फोनकडे धावणार नाहीस.

ही सोमवारपासून ऑफिसच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी आहे. जाताना मला म्हणाली, पाचच दिवस आहेत; आणि सहा वर्षांच्या ठिणगीला म्हणाली, बाबांकडे लक्ष ठेव. ठिणगीने पहिल्या दिवशी माझं कामाचं गुलाबी मेण टीव्हीच्या रिमोटला लिंपलं. दुसऱ्या दिवशी फळीवरच्या चार कवळ्या जेवणाच्या टेबलावर मांडून प्रत्येकीला भात भरवला. (कवळ्या करणाऱ्याच्या घरात हे कधीतरी व्हायचंच, असं तू म्हणशील. दातांच्या फटींतून टाचणीने शितं काढताना मला तसं वाटलं नाही.)

बुधवारी दुपारी दोनला वकीलसाहेब आले. त्यांच्या कवळीचा पुढचा दात निखळला होता आणि तीनला कोर्टात उभं राहायचं होतं. नवा दात घासून मी बशीत ठेवला होता. बसवायला गेलो तर बशी रिकामी. वकीलसाहेब तोंडाला रुमाल लावून घड्याळाकडे बघतायत, मी टेबलाखाली, केरात, स्वतःच्या चपलेत दात शोधतोय. शेवटी उलटतपासणीसाठी ठिणगीच्या खोलीत गेलो.

ती जमिनीवर बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत स्टीलच्या डब्यात, डब्यात माझं कवळ्यांच्या साच्यांचं प्लास्टर, आणि प्लास्टर घट्ट झालेलं. मी पाच मिनिटं पाठ फिरवली तेवढ्यात तिने ते पळवून कालवलं होतं.

"बाबा, हात गरम होतोय," ती म्हणाली.

ताई, प्लास्टर घट्ट होताना तापतं. किती तापतं ते मी वीस वर्षं बघतोय, पण त्यात आजवर कोणाचा हात नव्हता. मी तिला उचलून मोरीत नेलं, डब्यावर नळ सोडला आणि पत्रा कापायची कात्री घेतली. एकट्याने डबा धरून कात्री चालवता येईना, तेव्हा वकीलसाहेबांनी रुमाल खिशात घातला, मोरीत गुडघे टेकले आणि तिचा कोपर धरला. त्यांना 'सावकाश' म्हणायचं होतं. बाहेर 'हावकाफ' आलं. त्या अवस्थेतही ठिणगी हसली. मी डबा उभा चिरला, करवतीने प्लास्टरला दोन खाचा पाडल्या (कातडीपासून किती अंतरावर, ते विचारू नकोस), सुरी घालून पिळली. गोळा दुभंगला.

हात लाल होता, पण फोड नव्हता. मूठ मात्र ती उघडेना. उघडली तेव्हा आत वकीलसाहेबांचा दात.

"तू सगळ्यांना दात देतोस," ती म्हणाली. "माझा पडला तर म्हणालास, थांब."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी हात तपासला, बोटं हलवून पाहिली आणि काही झालं नाही म्हणाल्या. वकीलसाहेब दात खिशात घालून तसेच कोर्टात गेले. न्यायाधीशांना एक अक्षर कळलं नाही, म्हणून पुढची तारीख दिली. पक्षकार खूश आहे, त्याचे कागदच तयार नव्हते.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी येशील का? ही शनिवारी परत येते. सहजच आलीस असं दाखव.

पुन्हा ता. क. प्लास्टर ठिणगीने पळवलं नव्हतं. दातापाशी तिची लुडबुड नको म्हणून मीच डब्यात कालवून तिला दिलं, आवाज ऐकू आला तर बघ म्हणालो आणि दार ओढून घेतलं. हात तापायला लागला तरी तिने आवाज केला नाही. हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. हिला सांगायला बसलो की मी चहा टाकायला उठणार. तेव्हा मला खाली बसवायला तू हवी आहेस.