सात्या शिजल्या की तू आधी जेवायचीस

माय, परवा माजरीच्या बाजारात एक बाई पळसाच्या पानांवर सात्या मांडून बसली होती. आपल्या गावाकडे पावसाळ्यात वारुळावर उगवायच्या, त्याच अळिंब्या. मी उगाच भाव केला, पुढे गेले, परत आले आणि शेवटी घेतल्याच. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. हे शाळेतलं मराठी ऐकून तू म्हणाली असतीस, "पुस्तकावानी काऊन बोलून राह्यली वं?" काय करू, लिहायला बसलं की असंच येतं.

पाऊस उघडून ऊन पडलं की तू टोपली घेऊन जंगलात निघायचीस, मी आणि धाकला तुझ्यामागे. बाप गेल्यापासून श्रावणात घरातले तांदूळ संपत आलेले असायचे. मग जंगलच आपल्याला पोसायचं. बांबूचे कोवळे वास्ते, तरोट्याची पानं, काटवलं, ह्या सगळ्या रानभाज्या तू बोलत, हसत, आम्हाला चिडवत गोळा करायचीस. सात्यांपाशी मात्र गप्प व्हायचीस. वारुळाजवळ उकिडवी बसून एकेक उपटायचीस, देठ चेपून बघायचीस, वास घ्यायचीस आणि मनाला पटली नाही की लांब भिरकावायचीस. आम्ही काही विचारलं तर म्हणायचीस, "थांब जरा, मले पाहू दे."

घरी कांदा-मिरची घालून तू रस्सा करायचीस आणि त्या वासाने आमचा जीव जायचा. एरवी तू सगळ्यांच्या शेवटी जेवायचीस, पुष्कळदा भांड्याला लागलेलं खरवडून. सात्यांच्या दिवशी मात्र तू एकटी आधी जेवायला बसायचीस आणि आम्ही भिंतीला टेकून तुझ्या तोंडाकडे बघत राहायचो. "तुम्ही मंग जेवा. उन्हं उतरू द्या," म्हणून तू अंगणात कुंपण बांधायला जायचीस. शेजारची काकू कुंपणावरून टोमणा मारायची, "लेकरायच्या आधी माय जेवते, असं कुठी पाह्यलं नाई बा!" तू हसायचीस. "भूक लागली होती वं मले." मी तर तुला तोंडावर हावरी म्हणायचे. धाकलाही माझं ऐकून म्हणायचा.

मग तो दिवस. उन्हं उतरायला आली होती, आम्ही थाळ्या घेऊन बसलो होतो आणि तू कुंपणापाशी ओकत होतीस. ओकून झाल्यावर भिंत धरून आत आलीस, भाजीचं मडकं उचललंस, परसात नेऊन खड्ड्यात उलटं केलंस आणि वर माती ओढलीस. धाकला भाजीसाठी भोकाड पसरून रडत होता. तू ओट्यावर आडवी झालीस, तुझे ओठ पांढरे पडले होते. "रडू नको रे बाप्पा," म्हणालीस, "भाजीच होती ना." दोन दिवस तुला उठता आलं नाही. त्या दोन दिवसांत मला सगळं कळलं.

पुढच्या खेपेला सात्या शिजल्या तेव्हा मी तुझ्याआधी थाळी घेऊन बसले. म्हटलं, "आज मी आधी." तू मला मारलंस. आयुष्यात एकदाच, पण असं की कानात घुमत राहिलं. मग माझं मनगट एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने तू जेवलीस. खाता खाता म्हणालीस, "मी गेली तं धाकल्याले तू आहेस. तू गेली तं मले कोण आहे?" माय, त्या बोलण्याचा मला अजून राग येतो. एवढुशा पोरीवर तू केवढं ओझं टाकत होतीस, आणि तेही भात कालवता कालवता.

शेवटी तू सात्यांनी गेलीच नाहीस. हिवतापाने गेलीस. दवाखान्यात न्यायला खाटेवर घालून तुला नाल्यापर्यंत आणलं होतं आणि नाल्याचा पूर काही उतरत नव्हता. मी तुझ्या तोंडावर छत्री धरून उभी होते. धाकल्याला मग मीच वाढवलं. तो आता ट्रक चालवतो, धडधाकट आहे.

मागे इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, काही अळिंब्यांचं विष दुसऱ्या दिवशी चढतं, तोवर माणूस चांगला हिंडता-फिरता असतो. म्हणजे उन्हं उतरेपर्यंतचं तुझं ते थांबणं कच्चंच होतं. आपण तिघं नुसत्या नशिबाने वाचलो. ते ऐकून मी घरी येऊन खूप रडले. तू इतकं करूनही ते पुरलं नसतं, हे तुला कधी कळलं नाही, तेच बरं झालं.

तर परवा मी सात्या केल्या. त्या बाईने खात्रीच्या म्हणून दिल्या होत्या, पण मला कुठे तुझ्यासारखी पारख आहे? पोरगी शाळेतून आली, वासानेच चुलीपाशी घुटमळायला लागली. मी तिला वरण-भात वाढला आणि सात्या सगळ्या स्वतःच खाल्ल्या. तिने तोंड फुगवलं. "आई, तू किती हावरी आहेस!" मी म्हटलं, "भूक लागली होती मले."

हे पत्र कुठे धाडायचं नाही. पण एक खरं सांगते. पहिले दोन घास मी भीत भीत खाल्ले. नंतर भीती विसरले आणि थाळी पुसून खाल्ली, कारण चव अगदी तुझ्या हातची लागली. माय, तूही कधी अशी खाल्लीस का? कुंपण बांधायला जायच्या आधी, आमची नजर चुकवून, एखादा घास नुसता चवीसाठी? खाल्ला असशील तर मला फार बरं वाटेल.