बंदरावर वाचलेली चिठ्ठी

मी, इरया तल्विक्की लेहतोरांता, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार लापुआ, फिनलंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. शुद्ध आहे तोवर लिहून व्हावे, म्हणून ही घाई.

१. घर, अंगणातली सौना म्हणजे वाफेची न्हाणी आणि बँकेतली शिल्लक मुलगी मार्केत्ता हिला. मागच्या दाराचे कुलूप मी रोज चारदा ओढून बघते. तिने एकदाच बघावे.

२. थोरला भाऊ एइनो याला बटाटे उकडायचे पातेले. युद्धात मला चौथ्या वर्षी, गळ्यात नावपत्ता अडकवून, बोटीने स्वीडनला धाडले. तिथल्या सुखवस्तू घरातून सातव्या वर्षी परतले ती फिनिश विसरूनच. पुढे कितीतरी वर्षे हा पानावर विचारायचा, "राजकन्येला बटाटे चालतील ना?" चालतात, एइनो. पातेले घासून ठेवले आहे.

३. पेटीतली चिठ्ठी मार्केत्ताला. मला न्यायला आई तुर्कूच्या बंदरावर आली, तेव्हा तिने कोणाकडून तरी एक स्वीडिश वाक्य लिहून आणले होते: "इरया, मी तुझी आई आहे, घरी चल." तिचे उच्चार ऐकून मी सगळ्यांदेखत हसले आणि स्वीडिशमध्ये म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही." शब्द तिला कळले नाहीत, हसणे कळले. तिने चिठ्ठीची घडी घातली. आई वारल्यावर ती तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडली.

मला आजही त्याची लाज वाटते. मोठेपणी मी स्वीडिशचा एक शब्द काढला नाही. चाळीस वर्षे शिकवले, पण अडखळत वाचणाऱ्या पोराला वर्गात कोणाला हसू दिले नाही. गाव मला खाष्ट बाई म्हणते. ती खाष्ट बाई त्या बंदरावर तयार झाली.

४. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. बसवावे, आणि याची प्रत मार्केत्ताला आजच द्यावी. गेल्या महिन्यात दुकानात दुधाला फिनिश शब्द आठवेना, स्वीडिश आला. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाईल. मला झोप लागत नाही.

मार्केत्ता, एक दिवस तू उशाशी बसशील आणि मी स्वीडिशमध्ये म्हणेन, "मी तुम्हाला ओळखत नाही." खरे मानू नकोस. चिठ्ठी काढ आणि आहे तशी वाच. उच्चार कसेही होऊ देत. मी हसले, तर घडी घालू नकोस. पुन्हा वाच.

सही: इरया लेहतोरांता
लापुआ, १४ ऑक्टोबर २०२४

इरयाबाईंनी आम्हां दोघांसमक्ष, स्वखुशीने सही केली. त्या फिनिशमध्येच बोलत होत्या.
साक्षीदार: राइमो कूसेला, शेजारी
पिर्को वुओरेनमा, ग्रंथपाल