शिगेची पायली

७ डिसेंबर १९५९, सोमवार

नाही होऊ देणार. रिसोडच्या बाजारात शेर गेले, किलो आले. तिथं काय करायचं ते करोत. पण आता आमच्याही गावात काही जण म्हणतात — सोंगणीच्या बायकांना मजुरीची ज्वारी यंदापासून पायलीनं मापून नको, किलोनंच द्या. शनिवारी पारावर ठरायचं आहे. पायलीच्या बाजूनं मी बोलणार.

९ डिसेंबर

किलो. कितीदा तरी मोठ्यानं म्हणून पाहिलं. जिभेवर खडा आल्यासारखं वाटतं. या शब्दाला चाल कशी लावायची?

शाळेत मी पोरांकडून पावकी-निमकी म्हणून घ्यायचो. दिवस मावळताना सगळा वर्ग डुलायचा. मला तर तीही कविताच वाटे.

आणि आमचा शालिग्राम मापारी! पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. पायली काठोकाठ भरली की वर ओंजळीनं ओतत राहतो, दाणे घसरायला लागेपर्यंत. ती वरची टोपी म्हणजे शीग. मग ते सगळं बाईच्या पदरात.

चार ओळी सुचल्या —

पायली भरली काठोकाठ
वर शिगेचा चढला माथा
घसरे दाणा, थांबे दाणा
हाताखाली ऐकत गाथा

शनिवारी हेच म्हणतो. किलोच्या काट्याला गाथा ऐकू येते का, विचारतो.

१० डिसेंबर

शेजारची हिरीबाई विस्तव न्यायला आली. सोंगणीला जाते. तिला ओळी म्हणून दाखवल्या.

“गानं चांगलं हाय, मास्तर. पन पायली भरते कोन?”

म्हटलं, शालिग्राम.

“त्याचा हात मोकळा हाय, तवर बरं हाय. उद्या त्याले कोनी बसू देलं नाई त? काट्यात कोनाचा हात नसते.”

मला राग आला. म्हणालो, तुला शिगेची किंमत नाही.

“मले नाई त कोनाले? दळते कोन?”

विस्तव घेऊन गेली. हिच्याच भल्याचं बोलतोय मी, आणि हिलाच पटत नाही.

१२ डिसेंबर, शनिवार

जिंकलो. पायली राहिली.

कविता दोनदा म्हणावी लागली. खरं तर मला धास्ती मारोतरावांची होती. गावातलं सगळ्यात मोठं रान त्यांचं, निम्म्या बायका त्यांच्याच शेतात. पण तेच आधी उठले — “काय बोलले राजेहो! आपली पायली ते आपली पायली.” तिथंच ठरून गेलं.

हिरीबाई ठरल्याबरोबर उठून घरी गेली. दमली असेल.

१३ डिसेंबर

आणखी दोन कडवी झाली.

१६ डिसेंबर

मारोतरावांच्या पहिल्या खळ्यावर मजुरी वाटणार होते. मुद्दाम पाहायला गेलो.

शालिग्राम कडेला नुसता उभा. मापावर मारोतरावांचा मुनीम. त्यानं पायली भरली आणि काठावरून लाकडी पट्टी फिरवली. वरचे दाणे परत राशीत. सपाट पायली पदरात. पुढची बाई.

मी म्हणालो, “मारोतराव, शीग?”

“शिगीचं कोन बोललं, मास्तर? पारावर पायली ठरली. पायली देऊन राह्यलो.”

खरंच कुणी बोललं नव्हतं. ठरवताना कुणाच्या डोक्यातही आलं नाही. लग्नाला बोलावल्यावर ‘जेवायलाही या’ असं वेगळं सांगतात का? पायली म्हटलं की शीग आलीच. माझ्या कवितेत ती होती. ठरावात नव्हती.

शालिग्राम हळूच म्हणाला, “मले त कालच सांगतलं, मापाले हात लावू नको म्हनून.”

हिरीबाईनं पदराची गाठ मारली. ती मला काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. “चला मास्तर, ऊन लागन,” एवढंच.

१७ डिसेंबर

मारोतरावांच्या घरी गेलो. चहा दिला. शिगेचं पुढच्या साली पाहू म्हणाले. “कविता मात्र झकास होती.”

चहा अर्धा टाकून उठलो.

१८ डिसेंबर

दिवसभर काही वाचलं नाही. हिरीबाईच्या दारात गेलो. ती जात्यावर होती. म्हटलं, उद्या मी पुन्हा बोलणार आहे. जातं थांबवून बघितलं तिनं माझ्याकडे. “आता काय बोलता?”

सांगितलं.

१९ डिसेंबर, शनिवार

पारावर उभा राहून म्हणालो, मजुरी किलोनं द्या; शिगेसकट पायली जेवढी भरते, तेवढे किलो. मारोतराव हसले — “आता किलोवर गानं का, मास्तर?” मागून हिरीबाई आली, तिच्यामागं सगळ्या बायका. अजून निम्मं रान उभं आहे. ती म्हणाली, काटा येत नाई तवर इळे घरीच राह्यतीन. दुपारच्या मोटारीनं रिसोडला निघालो आहे. काटा मीच आणणार.