तात्यांचं वरडणं

१२ डिसेंबर २००३
जिनिंगमध्ये आज दोन नंबरच्या मशीनपाशी रुई पेटली. मूठभरच. वाळू टाकून विझवली. बेअरिंग लई तापलं व्हतं. बाजूलाच कापूस निवडायला बसते ती तांड्यावरची कमळीबाई, तिला इचारलं, "वास न्हाई आला?" म्हणे, "आला व्हता. परवापासून येऊन राहिला."
मंग सांगितलं काहून न्हाई? ती खाली पाहत निवडत राहिली. शेजारची हळूच म्हणली, "सायब, तुमी लगेच भडकता."
मी अजूनच भडकलो. कमळीबाईला सगळ्यांदेखत नको नको ते बोललो.

१३ डि.
कमळीबाई आली न्हाई. बाकीच्यांना इचारलं, "सगळं बराबर हाय?" "बराबर हाय." बस.
तात्यांची सारखी याद येऊन राहिली. ९४ ला ते सुपरवायझर, मी नवा फिटर. काय वरडायचे बाप्पा! पत्रे हालायचे. तरी बाया तोंडावर सांगायच्या: पट्टा सुटला, पाणी सरलं, तुमचं डोस्कं फिरलं! पह्यले तेच हसायचे. लई मजेचे दिवस व्हते. मला वाटलं, सुपरवायझर म्हंजे वरडणं. तेवढंच उचललं मी.

१४ डि., रविवार
बाळापूरला तात्यांकडं. म्हातारे झाले, आवाज तोच. हुरडा खाता खाता सगळं सांगितलं. म्हणले, "लेका, मी माफी बी वरडूनच मागायचो. ते इसरला व्हय?"
खरंच की. एकदा कापूस निवडणाऱ्या गंगूबाईवर उगाच तापले. मंग मशीन बंद करून, टोपी हातात घेऊन, "गंगूबाई, चुकलो मी!" ती म्हणली, "ऐकू आलं, वरडू नका." ते आठवून मी नि तात्या हसलो, हसता हसता डोळे भरले. कुठं गेले ते दिवस...

१५ डि.
निरोप धाडला व्हता, कमळीबाई आली. मशीन बंद केलं. मोठ्यानं म्हटलं, "कमळीबाई, चुकलं माझं." कुणी हसलं न्हाई. तिनं पदर सारखा केला, कामाला लागली.
सुट्टी झाल्यावर फाटकात थांबली. "सायब, ते दोन नंबर..."
"काय झालं?" आवाज चढलाच माझा, मेला.
"काही न्हाई," म्हणली नि तांड्याकडं चालू लागली.
बेअरिंग तर नवं टाकलंय. मला काही दिसत न्हाई, वास बी येत न्हाई. सकाळी तिला इचारल्याबिगर दोन नंबर चालू करणार न्हाई. पण सांगंल का ती?