खिडकी आहे म्हणून सांग

दि. ८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. खोली मिळाली. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडा! खाटेवर बसलं की गुडघे कॅनव्हासला टेकतात. घरमालकीण म्हणते, चित्रं काढणाऱ्याला एवढी जागा बक्कळ झाली. भाडं परवडतं, कारण खिडकीच नाही. एक पिवळा दिवा आहे, तो दिवसाही लावावा लागतो. बाबांना यातलं अवाक्षर सांगू नकोस. निघताना त्यांनी एकच बजावलं होतं, एक वेळ उपाशी राहा, पण खिडकीचीच खोली घे. तेव्हा खिडकी आहे म्हणून सांग. चांगली मोठी आहे म्हणून सांग.

दिवसा एका कारखान्यात पुठ्ठे कापते, सुटीच्या दिवशी चित्रं घेऊन दारोदार फिरते. आईचं चित्र सुरू केलंय. बाबांना आजारपणाआधीची आई हवीय. डोळे मिटले की त्यांना कावीळ झालेला तो शेवटचा चेहराच दिसतो म्हणे. मला तो पुसायचाय रे. एवढंही जमलं नाही, तर मी इथे आले तरी कशाला!

वहिनीला सांग, माझ्या वाटणीचे तुझे कान तिनं पिळावेत. आहे ती माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
खारू

दि. २ मार्च

चि. खारू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी खिडकी मी अशी काही रंगवून सांगितली, की बाबा शेजारीपाजारी तिचं कौतुक करत फिरतात. थापा मारण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

चित्र काल आलं. कसं लिहू, कळत नाही. बाबांनी भर दुपारी अंगणात स्वतः पार्सलची सुतळी सोडली. अगं, आई पिवळी आहे. गाल, कपाळ, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा. हुबेहूब शेवटच्या आठवड्यातली. बाबा तसेच आत जाऊन पडले. रात्री जेवलेही नाहीत.

असं का केलंस? तुझी वहिनी म्हणते, पोरगी मुद्दाम करायची नाही. मलाही तसंच वाटतं, तरी राग जात नाही.

प्रकृती सांभाळ. रागावलेला, तरी तुझाच,
दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र वाचून उरलेली चित्रं रस्त्यावर नेऊन उन्हात मांडली. सगळीच पिवळी. त्या दिव्यात पिवळा रंग पांढऱ्यासारखा दिसतो रे. म्हणून मी आईच्या गालांवर थरावर थर देत गेले, आणि ती उजळतेय असं वाटून एकटीच हसत बसायचे. चित्रकलेच्या पहिल्या वर्षात शिकवतात ही गोष्ट! लोक माझी चित्रं बघून गालात का हसायचे, तेही आता कळलं; दारात उभी असताना मी त्यांच्या तोंडांकडेच बघायचे, चित्रांकडे नाही.

जो चेहरा पुसायला निघाले, तोच फ्रेमसकट बाबांच्या हातात दिला. अशी मी करंटी. रंग आणि ब्रश घरमालकिणीला देऊन टाकले, ती दार रंगवणार आहे. कारखान्यात जादा पाळी मागून घेतलीय. ते चित्र जाळून टाका. बाबांसमोर उभं राहायचं तोंड मला उरलं नाही.

विसरता आलं तर विसरा.

खारू

दि. २० मार्च

चि. खारूस,
बाबांचे आशीर्वाद.

लिहायची सवय गेली, अक्षर लावून वाच. चित्र जाळलेलं नाही. दादानं ते भिंतीकडे तोंड करून जिन्यात ठेवलं होतं. परवा तिन्हीसांजेला मी जिन्यातला जुना पिवळा दिवा लावला आणि सहज ते वळवलं. पोरी, तुझी आई बरी झाली होती! अगदी तीच, मला हसू नये म्हणून ओठ दाबून धरणारी. मी पायरीवर बसून तिच्याशी भांडलोसुद्धा.

मग डोक्यात प्रकाश पडला. ज्या उजेडात ती बरी दिसते, त्याच उजेडात तू ती काढलीस. म्हणजे खिडकी नाही. दादाला विचारलं, तर त्यानं तुझी पत्रंच माझ्यापुढे ठेवली. तू तिथे अंधारात दिवस काढत होतीस, आणि मी मूर्ख गावभर तुझी खिडकी मिरवत होतो.

काल तो दिवा गेला. दुकानदार म्हणतो, तसले पिवळे आता येत नाहीत, पांढरे घ्या. पांढऱ्यात ती पुन्हा आजारी पडते गं. चित्रावर चादर टाकून ठेवलीय.

रंग दिलेस ते दिलेस. तुझ्या खोलीतला दिवा तेवढा काढ, कपड्यांत नीट गुंडाळ, आणि तू घेऊन ये. पोस्टानं पाठवू नकोस, फुटेल.

जिन्यात वाट बघणारे,
तुझे बाबा